प्राचीन हिंदू समाजांतल्या स्त्रिया: प्रांत बदलला की काय बदलायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन काळी हिंदू स्त्रीला मान होता की नव्हता? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात सांगता येत नाही. जो सांगतो, त्याला बहुतेक वेळा आजचं कुठलं तरी भांडण जिंकायचं असतं. ऋग्वेदापासून चोळ राजांपर्यंत धरलं तर हा दोन हजार वर्षांहून मोठा काळ आहे, आणि प्रदेश काश्मीरपासून केरळपर्यंतचा. मिथिलेच्या राजसभेत वाद घालणारी गार्गी, सरकारी सुताच्या कोठारावर पहाटे लड्या घेऊन जाणारी विधवा आणि नाणेघाटात शिलालेख कोरवून घेणारी राणी या तिघींचा दर्जा एकच कसा असेल?

आम्ही एक साधा नियम पाळतो. स्त्रीबद्दल ग्रंथात काय म्हटलंय ते नंतर वाचायचं. तिच्या नावावर काय होतं, ते ती कोणाला देऊ शकत होती आणि नवरा गेल्यावर त्याचं काय होई, हे आधी पाहायचं. पुढची बहुतेक उत्तरं या क्रमानेच दिली आहेत.

'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते' आणि 'न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति' ही दोन्ही वचनं मनुस्मृतीतच आहेत ना? मग खरं कुठलं?

दोन्ही मनुस्मृतीतलीच आहेत, पहिलं तिसऱ्या अध्यायात आणि दुसरं नवव्यात. व्हॉट्सॲपवर पक्ष बघून यातलं एकच पाठवलं जातं. पण पहिल्या श्लोकाच्या पुढे तीन श्लोक वाचत गेलं की पूजा म्हणजे काय तेही कळतं: सणासमारंभाला स्त्रियांना दागिने, वस्त्रं आणि चांगलंचुंगलं खाणं देऊन संतुष्ट ठेवावं. म्हणजे दोन वचनांत विरोध फारसा नाहीच. घरच्या बाईला जपावं, सजवावं आणि बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या ताब्यात ठेवावं, असं ते एकसंध धोरण आहे.

त्याच मनूने अविवाहित बहिणीसाठी प्रत्येक भावाने आपल्या हिश्शातला चौथा भाग द्यावा असं सांगितलंय, स्त्रीधनाचे सहा प्रकारही मोजले आहेत. आणि त्याच्याच आठव्या अध्यायात बायको, मुलगा व दास हे निर्धन, ते मिळवतील ते धन्याचं, असंही वचन आहे. ही पुस्तकं एका बैठकीत लिहिली गेली नाहीत, आणि ती त्या काळचे कायदेही नव्हती. विद्वान ब्राह्मणांना समाज जसा हवा होता त्याचं ते चित्र आहे. शेतात राबणाऱ्या घरापर्यंत त्यातलं किती पोचलं हा वेगळा प्रश्न.

वेदकाळात स्त्रिया शिकत होत्या, सूक्तं रचत होत्या, हे खरं का?

खरं आहे, पण प्रमाण लक्षात ठेवा. ऋग्वेदात 1028 सूक्तं आहेत. 'बृहद्देवता' हा ग्रंथ 27 ब्रह्मवादिनींची, म्हणजे मंत्र रचणाऱ्या स्त्रियांची, नावं देतो, पण त्यात इंद्राणी, उर्वशी, श्री, मेधा अशी देवतांची आणि अप्सरांची नावंही मिसळलेली आहेत. लोपामुद्रा, घोषा, अपाला, विश्ववारा या माणसांतल्या वाटतात. हारीत या धर्मशास्त्रकाराच्या नावावरच्या वचनात ब्रह्मवादिनी आणि सद्योवधू असे दोन वर्ग आहेत. पहिलीला उपनयन, अग्नी, वेदाध्ययन आणि घरातल्या घरात भिक्षा. दुसरीची लग्नाआधी नावापुरती मुंज. मनूपर्यंत येता येता लग्न हीच मुंज, पतिसेवा हाच गुरुकुलवास, असं ठरून गेलं.

हा बदल एका ठिकाणी अगदी जवळून दिसतो. बृहदारण्यक उपनिषदाच्या शेवटच्या अध्यायात कशी संतती हवी असेल तर काय शिजवून खावं, याच्या पाककृती दिल्या आहेत. त्यात 'आपल्याला पंडिता मुलगी व्हावी' असं वाटणाऱ्या जोडप्यासाठीही एक आहे: तीळ घालून भात शिजवावा आणि तूप घालून दोघांनी खावा. म्हणजे विदुषी मुलगी मुद्दाम मागणारे आईबाप तेव्हा होते. हजाराहून जास्त वर्षांनी शंकराचार्य या वाक्यावर भाष्य करतात तेव्हा म्हणतात, मुलीचं पांडित्य म्हणजे घरकामातलं, कारण तिला वेदाचा अधिकार नाही. मूळ वाक्यात घरकामाचं नावही नाही. हजार वर्षांत काय झालं ते सांगायला दुसऱ्या पुराव्याची फारशी गरज नाही.

गार्गीचं नाव सगळे घेतात. तिने नेमकं केलं काय?

विदेहाच्या जनकाने सहस्र गाई बक्षीस लावल्या होत्या. याज्ञवल्क्याने वाद होण्याआधीच त्या हाकून न्यायला सांगितल्या, तेव्हा सभेतल्या ज्या मोजक्या लोकांनी त्याला अडवलं त्यात गार्गी वाचक्नवी होती. ती प्रश्नामागून प्रश्न विचारत गेली. शेवटी 'आता पुढे विचारू नकोस, नाहीतर तुझं डोकं गळून पडेल' असं उत्तर आलं. ती गप्प बसली, आणि नंतर सभेची परवानगी घेऊन पुन्हा उभी राहिली. या दुसऱ्या फेरीबद्दल लोक कमी बोलतात. या वेळी तिने दोनच प्रश्न विचारले, आणि याज्ञवल्क्याला कोणी हरवू शकणार नाही हा निवाडाही तिनेच दिला. सभेत निवाडा देण्याइतका तिचा अधिकार लोकांना मान्य होता. मात्र त्या सभेत नाव घेऊन उल्लेखलेली दुसरी बाई नाही.

उत्तर आणि दक्षिण यांत फरक होता का?

होता, आणि तो तेव्हाच्या लोकांनाही जाणवत होता. बौधायनाच्या धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या पाच आणि उत्तरेकडच्या पाच वेगळ्या चाली सांगितल्या आहेत. दक्षिणेतल्या अशा: मुंज न झालेल्याबरोबर जेवणं, बायकोबरोबर जेवणं, शिळं खाणं, मामाच्या मुलीशी लग्न आणि आत्याच्या मुलीशी लग्न. उत्तरेतल्या: लोकरीचा व्यापार, दारू, दोन्ही जबड्यांत दात असलेल्या जनावरांचा व्यवहार, शस्त्रांवर पोट भरणं, समुद्रप्रवास. एकीकडची चाल दुसरीकडे केली तर दोष, असाही शेरा आहे.

यातली मामेबहीण महत्त्वाची. उत्तरेत लेक दूरच्या, अनोळखी कुळात द्यायची आणि तिच्या गावचं पाणीही प्यायचं नाही, अशी रीत बनली. दक्षिणेत सासू म्हणजे आत्या आणि सासरा म्हणजे आत्याचा नवरा, हे घरोघर घडायचं. मुलगी ओळखीच्या माणसांत राहायची, भांडण झालं तर माहेर हाकेच्या अंतरावर. इरावती कर्व्यांनी 1953 साली नातेसंबंधांचे जे विभाग मांडले त्यात महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात पडतो. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी मात्र सहसा चालत नाही. अर्धी चाल दक्षिणेची, अर्धी उत्तरेची.

पंजाबकडची गोष्ट आणखी वेगळी. महाभारतातल्या कर्णपर्वात कर्ण मद्रांच्या राजाला, शल्याला, टोचून बोलताना पंजाबातल्या वाहीक आणि आरट्ट लोकांची निंदा करतो, त्यात 'त्यांच्यात वारस मुलगे नसतात, भाचे असतात' असं म्हणतो. आदिपर्वात भीष्म माद्रीला मागायला जातो तेव्हा शल्य ओशाळून सांगतो की आमच्या कुळात मुलीचं शुल्क घ्यायची चाल आहे. भीष्म मुकाट्याने सोनं-रत्नं मोजतो. टोमणे आहेत हे धरूनही, वायव्येकडच्या चाली गंगेकाठच्या लोकांना परक्या वाटत होत्या एवढं नक्की.

महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या पुराव्यात स्त्रिया कुठे दिसतात?

अगदी दाराशीच. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. ती महारठीची मुलगी, सातकर्णीची राणी. लेखात दोन अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची जंत्री आहे. आकडे लिहायच्या भारतातल्या जुन्या खुणांसाठीही हा लेख अभ्यासला जातो, म्हणजे आपली जुनी हिशेबवही एका राणीची. ती महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी होती, असंही लेख सांगतो. राज्याचा बोजा उचललेल्या बाईनेही आपलं व्रतस्थपण दगडावर कोरून घेतलं, हे नजरेआड करू नये. तिचं आणि सातकर्णीचं नाव असलेली चांदीची नाणीही मिळाली आहेत.

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र वारलेला, नातू पुळुमावी गादीवर, आणि आजी लेणं दान करते आहे. तेही बौद्ध भिक्षूंना, आणि त्याच लेखात मुलाला 'अद्वितीय ब्राह्मण' म्हणवून.

गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी नावं होती म्हणजे सातवाहन मातृसत्ताक होते?

नाही. गादी बापाकडून मुलाकडेच जायची. आईचं गोत्रनाम लावायची चाल होती, बहुधा अनेक राण्यांच्या मुलांत कोण कोणाचा हे कळावं म्हणून. एवढ्यावरून सत्ता बायकांच्या हाती होती असं काढता येत नाही.

विदर्भातल्या प्रभावतीगुप्तेबद्दल एवढं बोललं जातं ते का?

कारण तिच्या बाबतीत कागद पक्का आहे, किंवा तांबं म्हणा. प्रभावती ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर वारला, मुलं लहान. तिने नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनच्या परिसरातून, कारभार पाहिला. पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट तेराव्या वर्षाचा आहे. त्याच्या मुद्रेवर ती स्वतःला 'युवराजाची आई' म्हणवते आणि आपलं शासन शत्रूंवर शासन करणारं आहे असं ठणकावते. वंशावळ सासरची द्यायची सोडून माहेरच्या गुप्तांची देते, गोत्रही बापाचं 'धारण' लावते. लग्नानंतर बाईचं गोत्र बदलतंच, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा ताम्रपट वाचावा. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली आहे.

आता दुसरी बाजू. ती राज्य करते ती मुलाच्या नावाने. विधवा राणीला सत्तेवर यायला लहान मुलगा लागायचा, आणि हीच अट पुढे शतकानुशतकं दिसते.

कोकण-गोव्याच्या बाजूला काही आहे का?

आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या नेरूर आणि कोचरे इथे सातव्या शतकातले ताम्रपट मिळाले, ते विजयभट्टारिकेचे. ही दुसऱ्या पुलकेशीची सून, चंद्रादित्याची राणी. पल्लवांच्या स्वारीनंतर चालुक्यांची घडी विस्कटली होती, त्या काळात ती या पट्ट्यात जमिनी दान देत होती. पुढे त्याच घराण्यातल्या लोकमहादेवी आणि त्रैलोक्यमहादेवी या राण्यांनी पट्टदकलची दोन मोठी देवळं बांधवली. अकराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांची अक्कादेवी प्रांताचा कारभार पाहत होती आणि तिने गोकाकच्या किल्ल्याला वेढाही घातला होता.

स्वतःच्या बळावर गादीवर बसलेल्या हिंदू राण्या होत्या का?

दोन ठिकाणं ठळक. ओडिशाच्या भौमकर घराण्यात एकामागून एक अनेक स्त्रिया गादीवर आल्या. त्रिभुवनमहादेवी, दंडीमहादेवी यांचे स्वतःच्या नावाचे ताम्रपट आहेत.

दुसरं काश्मीर. दिद्दाने 958 पासून आधी मुलाच्या, मग नातवांच्या नावाने आणि 980 पासून 1003 पर्यंत उघडपणे स्वतः राज्य केलं. पायाने अधू असल्याने तिला वल्गा नावाची बाई पाठीवर वाहून न्यायची. नातवांना तिनेच मारवलं असा आरोप 'राजतरंगिणी' लिहिणारा कल्हण करतो. पण कल्हण दीडशे वर्षांनी लिहितो आहे, आणि सत्ताधारी बाईबद्दल लिहिताना त्याची लेखणी जरा जास्तच तिखट होते, हे ध्यानात ठेवलेलं बरं. वारस निवडताना दिद्दाने भाच्यांपुढे फळांची रास टाकली आणि कोण जास्त गोळा करतो ते पाहिलं. संग्रामराजाने बाकीच्यांना आपसांत झुंजवून दिलं आणि स्वतः फळं वेचली. राज्य त्याला मिळालं. हा भाऊ उदयराजाचा मुलगा, म्हणजे गादी सासरहून उचलून दिद्दाने लोहरच्या माहेराला दिली.

तमिळ प्रदेशात स्थिती चांगली होती असं ऐकतो.

काव्यात तरी हो. संगम साहित्यात, म्हणजे सर्वांत जुन्या तमिळ काव्यात, औवैयारसकट किमान पंचवीस-तीस कवयित्री आहेत, त्यांत डोंगरी कुरवर जमातीतलीही एक आहे. औवैयार राजांमध्ये शिष्टाई करायला जाते, दारूच्या मैफलीत बसते. पण त्याच साहित्यात पुरनानूरुमधलं 246 वं गीत आहे, एका पांड्य राणीचं. सती जाण्यापासून अडवणाऱ्या दरबाऱ्यांना ती विधवेचं जगणं ऐकवते: मूठभर भात, तूप नाही, तिळाची पेंड घातलेली रानभाजी, निजायला चटई न घालता खड्यांची जमीन. त्यापेक्षा चिता मला कमळांच्या तळ्यासारखी, असं म्हणून ती निघते. 'दक्षिणेत विधवांचे हाल नव्हते' असं म्हणणाऱ्यांना हे गीत दाखवावं. मनुस्मृतीची छाप तिथे घट्ट बसायच्या आधीचं आहे ते.

केरळात तर बायकांचंच राज्य होतं ना?

राज्य नव्हतं, वंश आईकडून चालायचा. नायरांच्या मरुमक्कत्तायम पद्धतीत बाई जन्मभर माहेरच्या तरवाडात, म्हणजे एकत्र घरात, राहायची, मुलंही तिथलीच. मालमत्तेचा कारभार मात्र कारणवर, म्हणजे थोरला मामा पाहायचा. ही पद्धत अतिप्राचीन नसून साधारण अकराव्या शतकानंतर बळावली असं बरेच इतिहासकार मानतात. आणि त्याच गावातली नंबूदिरी ब्राह्मण स्त्री घराच्या आत कोंडलेली असायची. एका गावात दोन टोकं, फरक जातीचा.

कष्टकरी बायकांचं काय? सगळा इतिहास राण्यांचाच का?

कारण ताम्रपट राण्यांचे असतात. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाचं प्रकरण आहे, ते जरूर वाचावं. सरकारी सूतकताईचं काम विधवा, अपंग स्त्रिया, अविवाहित मुली, म्हाताऱ्या गणिका आणि दासी यांना द्यावं, मजुरी सुताच्या पोतावरून ठरवावी. ज्या घराबाहेर पडत नाहीत त्यांना दासीमार्फत घरपोच काम पाठवावं. ज्या स्वतः येतील त्यांनी पहाटे यावं, दिव्याचा उजेड फक्त सूत तपासण्यापुरता. अधिकाऱ्याने बाईच्या तोंडाकडे पाहिलं किंवा कामाव्यतिरिक्त बोलला तर दंड. मजुरी द्यायला उशीर केला तरी दंड. नियम करावा लागला याचा अर्थ हे सगळं घडत होतं. आगाऊ मजुरी घेऊन काम न करणाऱ्या बाईला मात्र अंगठा कापायची शिक्षा सांगितली आहे, दंडावर भागत नाही.

घटस्फोट आणि पुनर्विवाह होत होते?

अर्थशास्त्रात होते. दोघांनाही एकमेकांचा द्वेष असेल तर 'मोक्ष', म्हणजे लग्नातून सुटका, एकट्याच्या इच्छेने नाही. पण ब्राह्म वगैरे चार 'धर्म्य' विवाहांत तोही नाही. परदेशी गेलेल्या नवऱ्याची किती दिवस वाट पाहायची, याचीही वर्णवार मुदत आहे. 'नष्टे मृते प्रव्रजिते' हा पाराशरस्मृतीतला श्लोक पाच संकटांत दुसरा पती सांगतो. एकोणिसाव्या शतकात ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्याच्याच आधारे विधवाविवाहाची बाजू मांडली. महाराष्ट्रातल्या बहुतेक ब्राह्मणेतर जातींत पाट (विधवेचं किंवा सोडलेल्या बाईचं दुसरं लग्न) आणि काडीमोड पेशवाईतही चालूच होते. सरकार पाटावर 'पाटदाम' नावाचा करसुद्धा घ्यायचं. म्हणजे 'हिंदूंमध्ये विधवेचं लग्न नव्हतं' हे मूठभर जातींचं वाक्य सगळ्यांच्या नावावर खपवलं गेलं.

घुंघट आणि सती ही परकीय आक्रमणांमुळे आली?

या उत्तराने बरेच लोक नाराज होतात. पाणिनीच्या सूत्रातून सिद्ध होणारं 'असूर्यम्पश्या' हे विशेषण राजस्त्रियांना लावलं जायचं, त्यांना सूर्यही दिसत नाही म्हणून. शाकुंतलात दुष्यंताच्या दरबारात शकुंतला अवगुंठन घेऊन येते. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातल्या एरणच्या खांबावर 510 सालचा लेख आहे: गोपराज लढाईत पडला आणि त्याची बायको त्याच्यामागे अग्नीत गेली. आक्रमणांच्या काळात या चाली पसरल्या, कडक झाल्या असतील, पण बी इथलंच.

विरोधही इथलाच. मनुस्मृतीत सतीची आज्ञा नाही. तिचा भाष्यकार मेधातिथी सती जाण्याला आत्महत्याच ठरवतो, आणि बाणभट्टही सहगमनाला मूर्खपणा म्हणतो.

मालमत्तेचा हक्क प्रदेशानुसार खरंच वेगळा होता?

इथे तर सर्वांत जास्त. मीमांसेत, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, एक मजेदार वाद आहे: बायका विकल्या-घेतल्या जातात, त्यांच्याकडे धन नाही, मग त्या यज्ञ कसा करणार? मीमांसासूत्रांचा कर्ता जैमिनी हा आक्षेप फेटाळतो. त्यांच्याकडे धन आहे आणि फळाची इच्छाही आहे, म्हणून यज्ञात अधिकार, मात्र नवऱ्यासोबत.

याज्ञवल्क्यस्मृतीने अपुत्र माणसाच्या वारसांत पहिलं नाव पत्नीचं आणि दुसरं मुलीचं घातलं. पुढे दोन वाटा फुटल्या. कल्याणीच्या दरबारातल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरा या त्याच स्मृतीवरच्या टीकेत वारशाने, खरेदीने, वाटणीने बाईला जे मिळेल ते सगळं स्त्रीधनात धरलं, पण एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याच्या वाट्याचा वारसा नाकारला. बंगालच्या जीमूतवाहनाने 'दायभाग' या ग्रंथात एकत्र कुटुंबातही विधवेला तो वाटा दिला, फक्त हयातीपुरता. सती जाण्याचं प्रमाण इंग्रजी अमदानीत बंगालमध्ये सर्वांत जास्त दिसतं. विधवेचा हा हक्कच तिच्या जिवावर उठला, असं काही अभ्यासक म्हणतात. आम्हाला ते पूर्ण कारण वाटत नाही, पण वाटा मागणारी विधवा दिरांना जड झाली असणार यात शंका नाही.

पश्चिम भारतात नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूख' या ग्रंथाला मान होता. त्यात बहिणीलाही वारसांत जागा होती. म्हणून इंग्रजी कोर्टांतही मुंबई इलाख्यातली मुलगी बापाचा वारसा पूर्ण मालकीने घ्यायची. मद्रास आणि बंगालमध्ये तिला हयातीपुरताच मिळायचा.

आजच्या कायद्यात यातलं काय उरलं?

1956 च्या वारसा कायद्याने हयातीपुरती मालकी संपवली. महाराष्ट्राने 1994 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क राहतो, हेही स्पष्ट केलं. तलाठ्याकडे वारसनोंद होताना बहिणींची नावं आता लागतात. नंतर त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीच्या अशा पत्राला मुद्रांक शुल्कही नाममात्रच असतं.